नऊ पानांचा अहवाल आणि पांच मिनिटांचें दर्शन

अमेरिकेच्या राष्ट्रीय गुप्तवार्ता-संचालकांच्या कचेरीनें ता. २५ जून २०२१ रोजीं एक अहवाल प्रसिद्ध केला. परिशिष्टें धरून त्याचीं पानें अवघीं नऊ. २००४ च्या नोव्हेंबरपासून २०२१ च्या मार्चपर्यंत अमेरिकेच्या सरकारी सेवेंतील माणसांनीं, त्यांतहि बहुतांशीं आरमारांतील माणसांनीं, आकाशांत ज्या वस्तु पाहिल्या परंतु ज्यांची ओळख पटली नाहीं, त्यांच्यासंबंधींच्या १४४ वृत्तांचा निकाल या नऊ पानांत लागावा अशी अपेक्षा होती. निकाल एकाच वृत्ताचा लागला. ती वस्तु म्हणजे हवा निघून गेल्यामुळें आक्रसत चाललेला एक मोठा फुगा होता. उरलेल्या १४३ वृत्तांविषयीं अहवालकार म्हणतात कीं, निश्चित कारण सांगण्याइतकी माहिती आमच्याजवळ नाहीं.

सरकारी अहवालाचें परीक्षण वाङ्मयविषयक मासिकांत कशाला, असा प्रश्न एखादा वाचक करील. आमचें उत्तर असें कीं, मनुष्यानें डोळ्यांनीं पाहिलेलें शब्दांत कसें उतरतें, आणि ते शब्द दुसऱ्याच्या हातीं गेल्यावर त्यांचें काय होतें, हा प्रश्न वाङ्मयाच्याच कक्षेंतला आहे. आणि या विषयांत तर साऱ्या घोटाळ्याचा आरंभच एका उपमेपासून झालेला आहे. ता. २४ जून १९४७ रोजीं केनेथ आर्नोल्ड नांवाचा एक व्यापारी आपल्या खाजगी विमानांतून वॉशिंग्टन संस्थानांतील रेनिअर पर्वताजवळून जात असतां त्यास नऊ चकाकणाऱ्या वस्तु वेगानें जातांना दिसल्या. पाण्याच्या पृष्ठावर बशी भिरकावली असतां ती जशी टप्पे घेत जाते तशा त्या चालल्या होत्या, असें आपण बोललों, असा खुलासा त्यानें पुढें केला. येथें उपमान बशी खरी, पण साधारण धर्म गति हा होता. वृत्तपत्रांनीं तो आकार केला! एका दिवसांत ‘उडत्या तबकड्या’ जन्मास आल्या. खुद्द आर्नोल्डनें लष्करासाठीं काढलेल्या चित्रांत त्या वस्तु पुऱ्या वाटोळ्याहि नाहींत. परंतु त्यानंतर देशोदेशीं लोकांस दिसूं लागल्या त्या मात्र तबकड्याच. एक उपमा चुकीची वाचली गेली तर केवढा संसार उभा राहतो, याचें याहून ठळक उदाहरण अलंकारशास्त्राच्या अध्यापकांसहि सांपडणार नाहीं.

प्रस्तुत अहवालाचे कर्ते ही चूक करीत नाहींत. ते मुळीं उपमाच देत नाहींत. त्यांच्या नऊ पानांत एकाहि वस्तूचा रंग नाहीं, आकार नाहीं, एकाहि साक्षीदाराचा शब्द नाहीं. आहेत ते आकडे. १४४ पैकीं ८० वृत्तांत एकाहून अधिक यंत्रांनीं ती वस्तु टिपली होती. १८ प्रसंगीं, म्हणजे २१ वृत्तांत, वस्तूची चाल असाधारण वाटली. ११ वेळां विमान आणि ती वस्तु यांची टक्कर थोडक्यांत टळली असें वैमानिकांनीं कळविलें. हे आकडे वाचून झाल्यावर वाचकाच्या मनांत काय उरतें? एखाद्या गांवीं गेल्या सालीं १४४ भांडणें झालीं आणि त्यांतील १८ विलक्षण होतीं, असें कोणीं सांगितल्यासारखें होतें. कोण भांडले, कशावरून भांडले, आणि विलक्षण म्हणजे काय, हें कळल्यावांचून त्या विशेषणास अर्थ नाहीं.

हा दोष अशा प्रकारच्या लिखाणास अपरिहार्य नाहीं, हें दाखविण्यासाठीं आम्ही एका जुन्या पुस्तकाकडे वळतों. कॅप्टन एडवर्ड रुपेल्ट हे १९५१ पासून १९५३ पर्यंत अमेरिकन वायुसेनेच्या अशाच चौकशीचे प्रमुख होते. पुढें ही चौकशी ‘प्रॉजेक्ट ब्लू बुक’ या नांवानें १९६९ पर्यंत चालली, आणि १२,६१८ वृत्तांपैकीं ७०१ शेवटपर्यंत न उलगडतां राहिलीं. रुपेल्ट यांनीं १९५६ सालीं आपल्या अनुभवांचें पुस्तक लिहिलें. त्यांत १९५२ च्या सप्टेंबरांतील ‘मेनब्रेस’ या संयुक्त आरमारी कवायतीची हकीकत आहे. ‘फ्रँकलिन डी. रूझवेल्ट’ या विमानवाहू जहाजावरील एक वार्ताहर विमानें उडतांनाचीं रंगीत छायाचित्रें घेत होता. डेकवरील माणसें आकाशाकडे पाहत आहेत असें त्याच्या लक्षांत आलें. त्यानेंहि वळून पाहिलें, तों एक रुपेरी गोळा आरमाराच्या पाठीमागून चाललेला! त्यानें भराभर छायाचित्रें घेतलीं. प्रत्येकांत जहाजाचा वरचा भाग आलेला असल्यानें वस्तूच्या आकाराचा व गतीचा कांहीं अंदाज करितां आला. वस्तु फुग्यासारखी दिसत होती. फुगा असेल तर तो जवळच्याच एखाद्या जहाजावरून सुटलेला असला पाहिजे, असा तर्क झाला. लगेच साऱ्या जहाजांना बिनतारी यंत्रावरून विचारणा झाली कीं, फुगा कोणीं सोडला. उत्तर आलें कीं कोणींहि नाहीं.

ही हकीकत अर्ध्या पानांत बसते, परंतु तींत चौकशी म्हणजे काय हें डोळ्यांपुढें उभें राहतें. साक्षीदार आहे, पुरावा आहे, पुराव्याला माप घालण्यास जहाजाचा भाग आहे, साधें कारण प्रथम सुचलें आहे, तें पडताळून पाहण्याची खटपट आहे, आणि ती खटपट फसल्याची प्रांजळ कबुली आहे. कोणीं चुकून सोडला असेल आणि कबूल केला नसेल, असें म्हणण्यास वाचक मोकळा आहे. म्हणजे वाचकास आपली बुद्धि चालविण्यास जागा ठेविली आहे. एकोणसत्तर वर्षांनंतरच्या अहवालांतहि एक फुगाच आहे, आणि तो तर खात्रीनें ओळखलेला. पण तो कोणीं पाहिला, ओळखला कसा, याची एक ओळ नाहीं. ओळखलेल्या वस्तूचीहि ओळख आपणांस करून दिली जात नाहीं, हें मोठें नवल होय.

अहवालकारांच्या बाजूनें बोलावयाचें तर त्यांची अडचण खरी आहे. आरमाराचीं रडारें व कॅमेरे किती दूरवर आणि किती बारकाईनें पाहूं शकतात, हें शत्रूस कळतां कामा नये. वस्तूचा तपशील दिला कीं तपशील टिपणाऱ्या डोळ्याचें सामर्थ्यहि उघड होतें. शिवाय सैन्याचा प्रश्न आणि आपला प्रश्न एक नव्हे. ‘तें काय असेल?’ असें आपण विचारतों. ‘त्यापासून धोका आहे काय?’ असें सैन्य विचारतें. म्हणून अहवालांत पांच बासनें बांधून ठेविलीं आहेत. पहिल्यांत पक्षी, फुगे, ड्रोन आणि वाऱ्यावर उडणाऱ्या पिशव्या. दुसऱ्यांत बर्फाचे कण, बाष्प व उष्णतेचे चढउतार यांसारखे वातावरणाचे खेळ. तिसऱ्यांत स्वकीयांचीं गुप्त विमानें. चौथ्यांत चीन, रशिया इत्यादि परकीयांचीं. आणि पांचव्यांत ‘इतर’. परग्रहावरील प्राण्यांचा तर अहवालांत उल्लेखहि नाहीं. तो असावा म्हणून ज्यांनीं हीं नऊ पानें अधीरपणें उघडलीं, त्यांची निराशा झाली, आणि आमच्या मतें ती योग्यच झाली.

पण त्या पांचव्या बासनाविषयीं दोन शब्द चांगले बोललेच पाहिजेत. बहुतेक वृत्तें माहितीच्या अपुरेपणामुळेंच अनोळखी राहिलीं असावींत, असें अहवालकार म्हणतात. परंतु कांहींच्या बाबतींत आजच्या शास्त्रीय ज्ञानांतच भर पडावी लागेल, तोंवर तीं येथें ठेवूं, असेंहि ते लिहितात. सरकारी कागदावर इतका नम्रपणा क्वचितच दिसतो. आपल्या घरांतल्या हिशेबाच्या वहींत ‘किरकोळ’ म्हणून एक सदर असतें, आणि ज्याचा मेळ बसत नाहीं तें त्यांत ढकललें जातें. ‘इतर’ हें तसलें सदर नव्हे. मेळ बसल्याचा आव न आणतां मोकळी ठेविलेली ती जागा आहे.

आतां ज्या प्रसंगामुळें हा सारा विषय पुन्हां जगापुढें आला तो पाहूं. ता. १४ नोव्हेंबर २००४ रोजीं ‘निमिट्झ’ हें विमानवाहू जहाज आपल्या ताफ्यासह कॅलिफोर्नियाच्या दक्षिणेकडील समुद्रांत सराव करीत होतें. ताफ्यांतील ‘प्रिन्स्टन’ या क्रूझरच्या रडारवर सुमारें दोन आठवडे कांहीं अनोळखी वस्तु उमटत होत्या. त्या दिवशीं हवेंत असलेल्या दोन लढाऊ विमानांस तिकडे वळविण्यांत आलें. विमानांत मिळून चार माणसें होतीं. एकाचे वैमानिक कमांडर डेव्हिड फ्रेव्हर, दुसऱ्याच्या अलेक्स डिएट्रिख. आकाश निरभ्र, समुद्र शांत. खालीं एके ठिकाणीं मात्र पाणी पांढरें होऊन खवळलेलें, आणि त्याच्यावर एक पांढरी, गुळगुळीत, लांबट वस्तु इकडून तिकडे झपाट्यानें सरकत असलेली. तिला पंख नाहींत, धूर नाहीं. फ्रेव्हर चक्कर घेत खालीं उतरूं लागले, तशी ती वर चढूं लागली, जणूं समोरासमोर फेर धरल्यासारखी. त्यांनीं वर्तुळ सोडून तिच्या रोखानें आडवा मार्ग धरतांच ती वेगानें निघून गेली आणि दिसेनाशी झाली. थोड्याच वेळांत ती सुमारें ६० मैलांवर पुन्हां रडारवर दिसल्याचें ‘प्रिन्स्टन’नें कळविलें, असें ते सांगतात. हें सारें पांचएक मिनिटांचें. त्यानंतर उडालेल्या दुसऱ्या एका विमानानें उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यानें एक लहानशी चित्रफीतहि घेतली.

या कथनांत भाषेच्या दृष्टीनें लक्षांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, साक्षीदारानें वस्तूला दिलेली उपमा अगदीं घरगुती आहे. अमेरिकेंत ‘टिकटॅक’ नांवाची पांढरी लांबट गोळी लहानथोर तोंडांत टाकतात. वस्तु तशी होती, सुमारें ४० फूट लांबीची, एवढेंच ते म्हणाले. आर्नोल्डच्या बशीप्रमाणें येथें घोटाळ्यास वाव नाहीं, कारण साधारण धर्म त्यांनींच निश्चित करून दिला आहे. जें दिसलें तें सांगावें, जें वाटलें तें वेगळें सांगावें, ही सैनिकी शिस्त त्या बोलण्यांत आहे. आणि हा साक्षीदार, ही चौघांची साक्ष, २०२१ च्या अहवालांत कोठें आहे? अहवालाची कालमर्यादा २००४ च्या नोव्हेंबरपासून सुरू होते, एवढाच काय तो त्याचा मागमूस.

ता. २६ जुलै २०२३ रोजीं अमेरिकन काँग्रेसच्या एका उपसमितीपुढें फ्रेव्हर यांची शपथेवर साक्ष झाली. त्या घटनेची त्या वेळीं कसलीच चौकशी झाली नाहीं, आपणां चौघांस कोणीं कांहीं विचारलें नाहीं, असें त्यांनीं सांगितलें. जहाजावर मात्र थट्टा भरपूर झाली. अहवालांतील जें वाक्य आम्हांस सर्वांत मोलाचें वाटतें तें याच संबंधांतलें आहे. अशा वस्तु पाहिल्याचें सांगितल्यास हंसें होईल या भीतीनें माणसें गप्प बसतात, आणि हा संकोच चौकशीच्या आड येतो, असें अहवालकार स्पष्ट लिहितात. आरमारानें २०१९ च्या मार्चमध्यें वृत्तें कळविण्याची रीतसर व्यवस्था केली, आणि अहवालांतील बहुसंख्य वृत्तें त्यानंतरच्या दोन वर्षांतलीं आहेत. म्हणजे वस्तु वाढल्या कीं सांगणारे वाढले, हें ठरविण्यास साधन नाहीं. थट्टेनें केवढी हानि झाली तें येथें दिसतें. आपल्यासमोर आडव्या आलेल्या वस्तूशीं टक्कर होतां होतां वांचलेला तरुण वैमानिक खोलींत येऊन तोंड मिटून बसतो, कारण बोलला तर त्याच्या डोक्यावर परिणाम झाला असें मित्र म्हणतील. उद्यां त्याच वाटेनें दुसरा जातो, आणि त्यास कोणीं सावध केलेलें नसतें.

इतकें वाचून कोणी म्हणेल कीं, मग साक्षीदाराचाच शब्द प्रमाण मानावा. तसें आम्ही म्हणत नाहीं, आणि कां नाहीं तें अटलांटिकवरील एका दुसऱ्या प्रसंगावरून कळेल. २०१५ सालीं आरमाराच्या विमानानें घेतलेली एक चित्रफीत ‘गो फास्ट’ या नांवानें प्रसिद्ध आहे. सरकारनें ती ता. २७ एप्रिल २०२० रोजीं आणखी दोन चित्रफितींसह अधिकृतपणें प्रसिद्ध केली. तींत एक लहानसा ठिपका समुद्रावरून बाणासारखा जातांना दिसतो. वैमानिकांचे आनंदाचे व आश्चर्याचे उद्गार ऐकूं येतात, आणि त्यांचा आनंद खोटा नाहीं. परंतु चित्रफितीवर विमानाची उंची, कॅमेऱ्याचा कोन आणि वस्तूचें अंतर यांचे आकडे छापलेले आहेत. ‘नासा’नें नेमलेल्या स्वतंत्र अभ्यासमंडळानें २०२३ च्या सप्टेंबरांत त्यांवरून शाळेंतल्या भूमितीनें गणित केलें. वस्तु समुद्रालगत नव्हतीच. विमान सुमारें २५,००० फुटांवर आणि वस्तु सुमारें १३,००० फुटांवर होती, आणि तिचा वेग ताशीं सुमारें ४० मैल, म्हणजे त्या उंचीवरच्या वाऱ्याइतकाच, निघाला. बोरघाटांतून आगगाडीनें जातांना जवळचें झाड दूरच्या डोंगरावरून धांवत गेल्यासारखें दिसतें, पण धांवत असते ती आपली गाडी. येथेंहि धांवत होतें तें विमान. लष्कराच्या स्वतःच्या चौकशी-कचेरीनें २०२४ च्या नोव्हेंबरांत हाच निष्कर्ष जाहीर केला.

तसाच दुसरा प्रकार त्रिकोणांचा. २०१९ सालीं कॅलिफोर्नियाजवळच्या समुद्रांत आरमारी जहाजांवरून रात्रीं घेतलेल्या चित्रांत लुकलुकणारे त्रिकोण दिसले, आणि पुष्कळांस त्या निराळ्याच जगांतल्या नौका वाटल्या. ता. १७ मे २०२२ च्या सुनावणींत आरमारी गुप्तवार्ता-खात्याचे उपसंचालक स्कॉट ब्रे यांनीं सांगितलें कीं, तीं निर्मनुष्य विमानें होतीं. रात्रीं पाहण्याच्या दुर्बिणींतून आलेला प्रकाश कॅमेऱ्याच्या भिंगांतून गेल्यामुळें ठिपक्याचा त्रिकोण झाला. आकार वस्तूचा नव्हता, यंत्राचा होता.

आपल्या नैयायिकांनीं सोळा पदार्थांत संशयास स्वतंत्र स्थान दिलें आहे, याची येथें आठवण होते. संध्याकाळीं दूरवर उभा दिसतो तो खांब कीं माणूस, ही संशयाची अवस्था. दोरीस साप समजणें ही भ्रमाची. दोन्ही एक नव्हत. भ्रम झालेल्यास आपणांस कळलें असें वाटतें. संशयांत असलेल्यास आपणांस कळलेलें नाहीं एवढें तरी कळलेलें असतें. आणि संशय तुटावयाचा तर ‘विशेष’ दिसावा लागतो. हात हालला तर तो माणूस, ढोली दिसली तर तो खांब. ‘गो फास्ट’च्या बाबतींत हा विशेष चित्रफितीवर छापलेल्या आकड्यांनीं पुरविला, म्हणून संशय तुटला. नऊ पानांच्या अहवालानें आपणांस संशयांत ठेविलें याबद्दल आमची तक्रार नाहीं. त्यानें विशेष एकहि दिला नाहीं, ही तक्रार आहे. ज्यांना विश्वास ठेवावयाचा ते १८ हा आकडा घेऊन बसले, ज्यांना हंसावयाचें त्यांना फुगा मिळाला, आणि दोघांचाहि वाद एका तसूनें पुढें सरकला नाहीं.

भाषेविषयीं एक लहानशी गोष्ट राहिली. ‘संभवतः’, ‘बहुधा’, ‘असूं शकेल’ या पदांची अहवालांत एवढी दाटी आहे कीं, वाचतांना धुक्यांतून चालल्यासारखें होतें. बहुतेक वस्तु खऱ्या, जड वस्तु असाव्यात, कारण अनेक यंत्रांनीं त्या टिपल्या, असें एके ठिकाणीं म्हटलें आहे. आणि असाधारण चाल ही यंत्राच्या चुकीचा, कोणी केलेल्या फसवणुकीचा किंवा पाहणाऱ्याच्या गैरसमजाचा परिणाम असूं शकेल, असें दुसऱ्या ठिकाणीं. दोन्ही विधानें खरीं असूं शकतात. पण कोणत्या प्रसंगीं कोणतें, हें सांगितल्यावांचून तीं शेजारीं शेजारीं ठेवणें म्हणजे वकिलानें दोन्ही पक्षांचें वकीलपत्र घेण्यासारखें आहे.

अहवालाच्या मथळ्यांत या वस्तूंना ‘हवेंतील’ म्हटलें आहे, आणि ड्रोनपासून परकीय विमानांपर्यंत त्याचीं पांचहि बासनें हवेंतील गोष्टींसाठींच आहेत. पुढें २०२२ सालीं नवी चौकशी-कचेरी स्थापन झाली तेव्हां समुद्राचाहि तींत समावेश झाला, आणि त्याच वर्षाअखेर कायद्यांतून ‘हवेंतील’ हा शब्द काढून तेथें ‘असाधारण’ हा घातला गेला. परंतु फ्रेव्हर व त्यांचे सोबती यांच्या हकीकतींत प्रथम दिसतें तें पाणी, एखाद्या प्रवासी विमानाएवढ्या जागेंत खवळलेलें पाणी. त्याखालीं खडक होता, पाणबुडी होती, माशांचा थवा होता कीं आणखी कांहीं, हें त्या दिवशींच पाहावयास हवें होतें. पांढरी वस्तु निघून गेल्यावर विमानें त्या जागेकडे परत वळलीं. खालीं समुद्र निळा आणि शांत होता; फेंसाचा मागमूसहि उरला नव्हता.